केसरबाईंचा आठवा फ्रिज

नांदुऱ्यात कुणाला फ्रिज घ्यायचा झाला की तो माणूस आधी दुकानात जात नाही. आधी जातो रेल्वे फाटकाजवळ, भगवानराव सातवांच्या गाळ्यात. पस्तीस वर्षं हा गृहस्थ फ्रिज दुरुस्त करतोय. आता साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण गावातल्या कुठल्या घरात कुठला फ्रिज आहे आणि तो कशाने आजारी पडतो, हे त्याला तोंडपाठ. सुरीने बर्फ खरवडणारं कुणी दिसलं की मात्र भगवानरावांचं पित्त खवळतं. आत नळी असते, तिला सुरी लागली की गॅस गेला आणि फ्रिजही गेला, हे ते इतक्या वेळा ओरडून सांगत आलेत की समोरचा सुरी लपवूनच त्यांना घरात घेतो.

नवा फ्रिज कुठला घ्यावा हे सांगण्याची त्यांची एक रीत आहे. आधी हसू येईल तुम्हाला, पण ऐका. ते गिऱ्हाइकाच्या घरी जातात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसतात, आणि चहा, दोन वाट्या व मूठभर ज्वारी मागून घेतात. बाईने फ्रीझर उघडला की एक दाणा या वाटीत. खालचा फ्रिज उघडला की एक दाणा त्या वाटीत. सुरुवातीला बायका लाजतात, पण तासाभरात विसरून जातात की इथं कुणी बसलंय. सांजेला भगवानराव दोन्ही वाट्या मालकापुढे धरतात. एकीत दोन दाणे, दुसरीत चाळीस. मग त्यांचं ठरलेलं बोलणं असतं, की बर्फाकडे तुम्ही दिवसातून दोनदा जाता आणि दुधा-भाजीकडे चाळीसदा, तर चाळीसदा लागतं ते डोळ्यांसमोर पाहिजे का कमरेखाली?

ज्यांनी ऐकलं नाही त्यांची गंमतही गाव सांगतं. कापसाचे व्यापारी नारायणराव. त्यांनी कपाटासारखा, शेजारी-शेजारी दोन दारांचा फ्रिज आणला, डाव्या हाताला उभा फ्रीझर, उजव्या हाताला बाकी सगळं. दिसायला राजेशाही. भगवानरावांनी आधीच बजावलं होतं की फळी अरुंद आहे, पाहुण्यारावळ्यांचं घर तुमचं, भांडी मोठी, विचार करा. नारायणरावांनी हसण्यावारी नेलं. पहिल्याच सणाला पुरणाची परात आत जाईना. कलिंगड जाईना. शेवटी परात बाजेवर ओल्या फडक्याखाली, कलिंगड खाटेखाली, आणि त्या राजेशाही फ्रिजात सरबताच्या चार बाटल्या. बोला आता.

तर असा हा सगळ्या तालुक्याला शहाणपण शिकवणारा माणूस. आणि याच्या स्वतःच्या घरात फ्रिज नाही. खोटं कशाला सांगू, गावातही हे फार जणांना माहीत नव्हतं, कारण त्यांच्या घरात फ्रिज दिसायचा. अधूनमधून दिसायचा.

झालं होतं असं. दर चार-पाच वर्षांनी भगवानराव कुणाचा तरी टाकून दिलेला फ्रिज घेऊन नीट करत, धुऊनपुसून लखलखीत करत आणि घरी आणत. बायको केसरबाई त्याला हळदीकुंकू लावत, वर विणलेला रुमाल टाकत. मग आठ दिवस जात, फार तर पंधरा. आणि दारात कुणीतरी उभं राही. कुणाच्या घरी लग्नाचं श्रीखंड, कुणाची बाळंतीण, कुणाचं औषध, आणि घरचा फ्रिज बंद पडलेला. भगवानरावांचा जीव कळवळायचा. पुढचा आणू की, असं म्हणून ते प्लग काढायचे. मोजून सात फ्रिज या घरात आले आणि गेले. पहिल्या दोघांसाठी केसरबाई रडल्या, तिसऱ्याला भांडल्या, चौथ्यापासून नुसतं रुमालाची घडी घालून पेटीत ठेवायला लागल्या. सातव्याला त्यांनी हळदीकुंकूच लावलं नाही.

यंदा होळीनंतर केसरबाईंची भिशी लागली. बायकांची, पापड करणाऱ्या दहा जणींची. त्यांनी नोटांची पुडी रुमालात बांधून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली आणि समोर मांडी घालून बसल्या. भगवानरावांना वाटलं, तीर्थाला जायचं म्हणणार.

"नवा फ्रिज घ्यायचा हाय," केसरबाई म्हणाल्या. "कोनचा, थे तुमी ठरवा. साऱ्या तालुक्याले सांगता, मले बी सांगा. मी तोंडातून एक शबद काढनार नाई. पन हा आठवा. हा चुकला, नाईतर हा बी कोनाच्या घरी गेला, तर या जन्मात मी फ्रिजचं नाव काढनार नाई."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. हिशेब संपल्यासारखं बोलणं. भगवानरावांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी हो म्हटलं खरं, पण बाहेर येऊन ओट्यावर बसले तेव्हा त्यांना घाम फुटला, कारण त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. आपल्या घरच्या स्वयंपाकात काय चालतं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. ताट पुढं यायचं, ते जेवायचे, हात धुवायचे. पस्तीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगात कणकण आहे असं सांगून गाळा बंद ठेवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टूल, दोन वाट्या, मूठभर ज्वारी. केसरबाईंनी बघितलं. कणकणीचा माणूस ज्वारी घेऊन कशाला बसला, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण एक शब्द काढणार नाही असं स्वतःच बोलून बसलेल्या, म्हणून ओठ मिटून भाकरी थापत राहिल्या.

आता मोजायचं काय? घरात फ्रिजच नाही. भगवानराव दाणे हातात घेऊन बसले तोच केसरबाई दाराबाहेर गेल्या आणि दुधाची लोटी घेऊन परत आल्या. थोड्या वेळाने पुन्हा गेल्या, दह्याचं भांडं घेऊन आल्या. मग ठेच्याच्या मिरच्या. मग भिजवलेली कणीक ठेवायला. मग साय ठेवायला. मग सकाळची उरलेली मटकी. सातव्यांदा भगवानराव मागोमाग गेले.

शेजारी गीताबाईंचं घर, मधे फक्त एक बोळ. गीताबाईंच्या फ्रिजात सगळ्यात खालच्या फळीवर केसरबाईंची जागा होती. वरच्या फळ्यांवर अर्थातच त्या घरचं सामान. केसरबाई एक हात गुडघ्यावर, एक हात दारावर ठेवून खाली बसायच्या, माय वं म्हणायच्या, डबा काढायच्या, पुन्हा माय वं म्हणून उठायच्या. डबा स्टीलचा, कडीला लाल दोरा बांधलेला.

तो दोरा बघितला आणि भगवानराव दारातच थबकले. गीताबाईंचा फ्रिज त्यांनी आजवर दहा-बारा वेळा तरी उघडला असेल. कधी भाजीच्या डब्याखाली पाणी साचायचं, मागचं इवलंसं भोक कोथिंबिरीच्या काडीने तुंबलेलं. कधी दाराचं रबर ढिलं. कधी भिंतीला चिकटवून ठेवला म्हणून तापलेला. आणि दर वेळी त्यांनी खालच्या फळीवरचा तो लाल दोऱ्याचा डबा उचलून बाजूला ठेवला होता. किती नेटका डबा आहे, असंही एकदा मनात आलं होतं. कुणाचा, हे विचारावंसं वाटलं नाही.

ते परत येऊन स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि इमानाने मोजायला लागले. तीन दिवस मोजलं. पहिल्या दिवशी अकरा खेपा, दुसऱ्या दिवशी चौदा, तिसरा दिवस एकादशीचा म्हणून नऊ. तीन दिवसांत बर्फासाठी एक खेप, तीही भगवानरावांच्याच सरबतासाठी. आणि प्रत्येक खेपेला गुडघा. त्यांनी उत्तर काढलं. फ्रीझर खाली आणि रोजचं सामान वर, असाच फ्रिज पाहिजे. बाईने उभ्या उभ्या हात घातला की दूध, दही, कणीक. सुट्टीत मुलगी प्राची पोरं घेऊन आली आणि त्यांना कुल्फी लागली, तर वाकतील की पोरं, त्यांचे गुडघे नवे आहेत.

चौथ्या दिवशी ते सकाळच्या गाडीने मलकापूरला गेले. काखेत मोठी पिशवी. इकडे केसरबाई कणीक मळायला परात शोधतायत, तर परात गायब. लाल दोऱ्याचा डबा आणायला शेजारी गेल्या, तर गीताबाई म्हणाल्या की तुमचे मालकच पहाटे येऊन घेऊन गेले. केसरबाईंनी त्या दिवशी ताटात कणीक मळली आणि मळताना एकट्याच हसत होत्या.

मलकापुरातल्या दुकानात अश्वजित नावाचा विक्रेता होता, टापटीप, गोड बोलणारा. त्याने भगवानरावांना थेट कपाटासारख्या फ्रिजपाशी नेलं. दारातूनच थंड पाणी येतं काका, बघा. भगवानरावांनी पिशवीतून परात काढली. परात आत सरकवली, अडकली. पुढे गेले. फ्रीझर वर असलेला दोन दारांचा फ्रिज, परात गेली, पण खालच्या कप्प्यासाठी बसावं लागलं. भगवानराव तिथं भर दुकानात एक हात गुडघ्यावर ठेवून खाली बसले, माय वं म्हणाले आणि उठले. नाही जमणार, म्हणाले. अश्वजितने हिरमुसून सांगितलं की बहुतेक लोक हाच नेतात, स्वस्तही पडतो. भगवानरावांनीही मान्य केलं की चांगला आहे, बर्फ विकणाऱ्याला तर उत्तमच, उभ्याने ट्रे निघतो. मग एका दाराचा छोटा बघितला. त्यात फ्रीझरचा खण आतच असतो, बर्फ साचतो, दर पंधरवड्याला वितळवावा लागतो, आणि त्या खणाला टेकलेली मेथी काळी पडते. माणूस एकटा असला तर ठीक.

शेवटी खाली फ्रीझरवाला. भगवानराव त्याच्यापुढे ताठ उभे राहिले. परात गेली. लाल दोऱ्याचा डबा छातीच्या उंचीला बसला. भाजीचा खण कमरेपाशी. त्यांनी खिशातून वहीचा कागद काढून दारात धरला, दार लावलं, कागद ओढला. निघाला नाही, म्हणजे रबर घट्ट. चारही बाजूंनी असा कागद ओढून झाला तोवर दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं भोवती जमली होती आणि एक बाई अश्वजितला विचारत होत्या की परात तुमच्याकडेच मिळते का. अश्वजितने कपाळाला हात लावला, पण त्या दिवशी त्याचे खाली फ्रीझरवाले तीन फ्रिज गेले, तेव्हा त्याने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून फ्रिज आला. भगवानरावांनी भिंतीपासून वीतभर जागा सोडून तो मांडला, पाय फिरवून फिरवून डुगडुग बंद केली आणि चार तास तसाच उभा ठेवला, कारण रस्त्याने हिंदकळलेला फ्रिज लगेच सुरू करायचा नसतो. मग त्यांनी बटण दाबलं. केसरबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि दार उघडलं. दूध ठेवलं. दही ठेवलं. लाल दोऱ्याचा डबा ठेवला. कुठंही वाकावं लागलं नाही. त्यांनी तो डबा पुन्हा काढला आणि पुन्हा ठेवला.

"उंची बराबर हाय," एवढंच त्या म्हणाल्या. भगवानरावांना त्या रात्री शांत झोप लागली.

पण गाव हे गाव. चारच दिवस झाले असतील. दुपारचे बारा, ऊन असं की ओट्यावर पाय ठेवला की पोळावा. भगवानराव जेवायला घरी आलेले, केसरबाई भाकरी टाकत होत्या, आणि सुचिताताई धापा टाकत दारात आल्या. सुचिताताई शाळेत शिकवतात. त्यांच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, साखरेच्या रुग्ण, रोज इंजेक्शन. काल रात्रीपासून फ्रिजचा फ्रीझर गार आणि खालचा भाग पार कोमट. औषधाच्या कुप्या ओल्या रुमालात गुंडाळून त्या हातातच घेऊन आल्या होत्या. फ्रिज अजून गॅरंटीतला, दुकानवाले म्हणतात आमचाच माणूस बघेल, आणि तो परवा येईल. तुमच्याकडे नवा आलाय असं कळलं, दोन दिवसांपुरता दिला तर, भाऊ, फार उपकार होतील.

भगवानरावांचा जीव कळवळला. आणि काय सांगू, पस्तीस वर्षांची सवय! त्यांनी घास ताटात टाकला, उठले, फ्रिजच्या मागे हात घातला आणि प्लग काढला. फ्रिजची घरघर बंद झाली.

आणि त्या शांततेत त्यांना कळलं की भाकरी थापण्याचा आवाजही बंद झालाय.

केसरबाई चुलीकडे तोंड करूनच उभ्या होत्या. वळल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी उलथणं उचललं नाही. भगवानराव हातात प्लग धरून त्या पाठीकडे बघत राहिले. दोन दिवसांपुरता म्हणून गेलेला एकही फ्रिज परत आला नव्हता, हे त्यांना माहीत होतं, केसरबाईंनाही माहीत होतं. मदत मागणाऱ्या माणसाला नाही म्हणायची त्यांना भीती वाटायची, ही खरी गोष्ट होती. चांगुलपणा त्यात होता, नाही असं नाही, पण भीतीही होती, आणि तिची किंमत दर वेळी ही पाठमोरी बाई देत आली होती.

त्यांनी प्लग परत लावला.

"सुचिताताई, फ्रिज नाई येनार," ते म्हणाले. "मी येतो. आत्ताच्या आत्ता."

सुचिताताई गोंधळून उभ्या राहिल्या. तेवढ्यात केसरबाई वळल्या. पिठाचे हात धुतले, पुसले, पुढे आल्या आणि ताईंच्या हातातून तो ओला रुमाल अलगद काढून घेतला. फ्रिजचं दार उघडून मधल्या फळीवरचं दह्याचं भांडं सरकवलं आणि तिथं कुप्या ठेवल्या. सासूबाईंचं औषध इथं राहू द्या, तुमचा नीट होईस्तोवर, सुई टोचायच्या वेळी कधीही या, असं त्यांनी सांगितलं. आणि जाताना पाणी पिऊन जा, बाहेर लय ऊन हाय.

भगवानराव अर्धपोटीच हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. सुचिताताईंचा फ्रिज फ्रीझर वर असलेला, दोन दारांचा, मशीन अगदी ठणठणीत. त्यांनी वरचं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. आत वर्षभराची चिंच. फोडून, मीठ लावून, पिशव्यांत दाबून भरलेली. त्याच्यामागे वर्षाचं तिखट, त्याच्यामागे हळद. आपल्याकडच्या बायका उन्हाळ्यात वर्षाचं सामान भरतात आणि अळ्या-जाळ्या होऊ नयेत म्हणून जागा मिळेल तिथं कोंबतात, रुक्मिणीबाईंनी परवाच सगळं फ्रीझरमध्ये कोंबलं होतं. खाली गार वारा सोडणारी जाळी त्या चिंचेच्या मागे पार बुजली होती आणि तिच्यावर बोटभर बर्फ चढला होता. वारा खाली जाणार कुठून?

भगवानरावांनी सुरी मागितली नाही. चिंच काढली, फ्रिज बंद केला, गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं आणि दार उघडं टाकून चहा घेतला. दोन तासांत बर्फ गळून पडला. चिंचेला त्यांनी बरणी दाखवली, जाळीपुढे चार बोटं मोकळी जागा ठेवायला सांगितली आणि फ्रिज सुरू केला. संध्याकाळच्या आत खालचा कप्पा गार झाला. रुक्मिणीबाई ओशाळून म्हणाल्या की माझ्या चिंचेपायी केवढी धावपळ झाली पोरा. भगवानरावांना हसू आवरेना. हसता हसता मधेच त्यांच्या मनात आलं, की गेलेल्या सात फ्रिजांपैकी किती चिंचेपायी गेले असतील? आपण एकदा तरी जाऊन त्या घरच्या फ्रिजचं दार उघडून बघितलं होतं का?

घरी आले तेव्हा दिवस मावळायला आला होता. केसरबाईंनी दुपारचंच ताट नव्याने वाढलं. भगवानरावांनी जेवता जेवता चिंचेची सगळी हकीगत सांगितली, रुक्मिणीबाईंच्या आवाजासकट, आणि केसरबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बोळापलीकडून गीताबाईंनी ओरडून विचारलं की काय झालं, तर केसरबाई जागेवरूनच म्हणाल्या की ऐकायला इकडं ये, आता तू ये.

हात धुऊन भगवानराव फ्रिजपाशी गेले. कुप्या नीट गार आहेत ना, मघाशी प्लग काढला-घातला त्याने मशीन रुसलं तर नाही ना, म्हणून दार उघडून उभे राहिले. दिव्याकडे बघितलं. जाळीपुढे तळहात धरला. दाराचं रबर चाचपलं. वरचा कप्पा बघितला, मग मधला, मग पुन्हा वरचा.

"अवो," मागून केसरबाईंचा आवाज आला, खणखणीत, "दार लावा अगोदर. माया फ्रिजची सारी थंडी जाऊन राह्यली."

भगवानरावांनी गुमान दार लावलं.